खारट पाण्यातला ऑक्सिजन-१८ मोजायचा तर… लेझर मशीन आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या सोलापूरच्या लॅबमध्ये पाण्याचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू; ऑक्सिजन-१८ म्हणजे जड ऑक्सिजन) मोजणारं लेझर मशीन येऊन आठ महिने झाले आणि माझे निम्म्याहून जास्त सॅम्पल खारट पाण्याचेच होते, म्हणून लिहितेय. गोड्या पाण्याला मशीन एक नंबर. उजनीचं पाणी किंवा पावसाचं पाणी संध्याकाळी लावा, सकाळी आकडे तयार. खाऱ्या पाण्याचं तसं नाही.

मला मंगळवेढा-मोहोळकडच्या बोअरचं पाणी खारं का होतंय ते बघायचंय. बाटली भरताना एका काकांनी विचारलंच, "ताई, पाणी उन्हानं आटून खारं झालंय का जमिनीतलंच मीठ वर आलंय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पाणी आटलं असेल तर हलकं पाणी आधी उडतं, मागे ऑक्सिजन-१८ वाढतो. नुसतं मीठ विरघळलं असेल तर खारटपणा वाढतो पण ऑक्सिजनचा आकडा जागचा हलत नाही. कधीकधी सगळा फैसला अर्ध्या पर मिलवर (पर मिल म्हणजे हजारात एक भाग) असतो, तेवढी चूक मशीननेच केली तर काकांना काय सांगू?

होतं काय, ऑटोसॅम्पलरची सुई साधारण २ मायक्रोलिटर पाणी गरम व्हेपोरायझरमध्ये (पाण्याची वाफ करणारा भाग) सोडते, वाफ पुढे जाते आणि मीठ आतच बसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे एका इंजेक्शनला ७० मायक्रोग्रॅम. एकदाचं काहीच नाही, पण सहाशे इंजेक्शननंतर ४२ मिलिग्रॅम झालं की आत पातेल्याच्या बुडासारखी खपली धरते. ती खपली थोडं पाणी धरून ठेवते, पुढच्या सॅम्पलमध्ये सोडते, आकडा हळूहळू सरकतो आणि स्क्रीनवर सगळं छान दिसत असतं. ट्रेनिंगला आलेल्या इंजिनिअरने सांगितलेलं, मीठ खाली राहतं, काळजी नको. मी विश्वास ठेवला आणि दुसऱ्या महिन्यातले जवळजवळ सगळे सॅम्पल परत लावावे लागले, ह्याचं अजून वाईट वाटतं.

मग एकच गोष्ट कामाला आली. आपल्याच स्टॅन्डर्ड पाण्याचे (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो) दोन भाग करायचे, एकात ओव्हनमध्ये वाळवलेलं लॅबचं सोडियम क्लोराईड घालायचं आणि दोन्ही लावायचे. आकडा सारखा आला तर मशीनवर विश्वास ठेवा, नाही आला तर रन तिथेच थांबवा. घरातलं मीठ नको. आणि मॅग्नेशियम क्लोराईड तर अजिबात घालू नका, बाटलीतल्या स्फटिकात स्वतःचं पाणी असतं (एका रेणूमागे सहा), ते तुमच्या स्टॅन्डर्डमध्ये मिसळणार.

आता दर खारट बॅचनंतर डिस्टिल्ड वॉटरची इंजेक्शन, लायनर (व्हेपोरायझरच्या आतलं अस्तर) आणि सेप्टा (सुई जिथून आत जाते ते रबरी झाकण) ठरलेल्या दिवशी बदलायचे, सिरिंज लगेच धुवायची नाहीतर प्लंजर अडकतो. प्रत्येक सॅम्पलची सहा इंजेक्शन, पहिली तीन सोडून द्यायची. वेळ दुप्पट जातो, जाऊ दे.

कोकणातल्या मैत्रिणीने मिठागरातलं, मीठ काढून उरलेलं कडवट पाणी पाठवलं होतं. तेच सॅम्पल दुसरीकडे कार्बन डायऑक्साईडच्या जुन्या पद्धतीने (एपस्टाईन-मायेडा, १९५३) करून घेतलं तर आकडा माझ्यापेक्षा बराच खाली आला. आधी वाटलं माझंच चुकलं. तसं नव्हतं. ती पद्धत ऑक्सिजन-१८ ची अ‍ॅक्टिव्हिटी मोजते, म्हणजे मिठाने धरून न ठेवलेला, कार्बन डायऑक्साईडशी अदलाबदल करू शकणारा भाग; लेझर मात्र वाफ झालेलं सगळं पाणी मोजतो. मॅग्नेशियम जड पाण्याला स्वतःभोवती धरून ठेवतं. सोफर आणि गट यांच्या १९७२ च्या हिशेबात जुन्या पद्धतीच्या आकड्यात १ मोलल (किलोभर पाण्यात एक मोल) मॅग्नेशियमला साधारण १.१ पर मिल, कॅल्शियमला ०.४७ मिळवायचे, पोटॅशियमला ०.१६ वजा करायचे, सोडियमला काहीच नाही. समुद्राच्या पाण्यात हे जेमतेम ०.०६ भरतं, मिठागराच्या पाण्यात मात्र पर मिलच्या पर मिल. म्हणून रिपोर्टमध्ये पद्धत लिहाच, दुसऱ्याचा आकडा घेताना तर आधी तेच विचारा.

आधी डिस्टिल करून घ्या असं बरेच जण सांगतात. मी दोनदा केलं, थेंबभर पाणी मागे राहिलं तरी जड पाणीच मागे राहतं, मग चूक मशीनची नाही, आपली. बोअरच्या पाण्याला मी तरी करणार नाही.

बाकी सोलापूरचं ऊन. एप्रिलमध्ये अर्धवट भरलेली बाटली गाडीत राहिली तर लॅबमध्ये पोचेपर्यंत तिची किंमत गेली, काठोकाठ भरा, झाकणाला पॅराफिल्म लावा. लाईट गेली की मशीन स्थिर व्हायला कित्येक तास, मोठा यूपीएस हवाच.

काकांच्या बोअरचं सॅम्पल तीनदा लावलं, दोनदा जुन्या लायनरवर, एकदा नव्या. नव्यावरचा बिंदू पावसाच्या रेषेपासून (पावसाच्या पाण्याचे ऑक्सिजन-हायड्रोजनचे आकडे आलेखावर जिच्यावर पडतात ती) उजवीकडे सरकलेला आहे, म्हणजे पाणी आटलेलंय. त्यांना फोन करायच्या आधी मीठ घातलेल्या स्टॅन्डर्डसोबत अजून एकदा लावलंय, रन उद्या सकाळी संपेल.