एमजीबी घेऊन सावदा ते तोरणमाळ: तीन दिवसांची ड्राइव्ह कशी झाली

आधी गाडीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्याकडे 1971 ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे, दोन सीटची, कापडी टपाची, 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारे भाग) आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सासऱ्यांनी मुंबईला घेतलेली, ते गेल्यावर जळगावला माझ्याकडे आली आणि दहा वर्षं मी ती फक्त रविवारी सकाळी गावाबाहेर एक चक्कर मारून परत झाकून ठेवायचो, कारण लांब न्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच की रस्त्यात बंद पडली तर हात कोण लावणार. आजचे मेकॅनिक लॅपटॉप जोडायला जागा शोधतात, कार्बोरेटर उघडणारा मिस्त्री आता शोधूनच काढावा लागतो.

म्हणून ओळखीतल्या एकाने सांगितलं की जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी सातपुड्याच्या पायथ्याने तीन दिवसांची ड्राइव्ह काढतात, सोबत मिस्त्री आणि टेम्पो असतो, तेव्हा लगेच पैसे भरले. 26 हजार, एक गाडी दोन माणसं, राहणं जेवण धरून, पेट्रोल आपलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, मी आणि बायको. आयोजकांचं नाव लिहीत नाही कारण पुढे दोन तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्यात.

पैसे भरताना त्यांनी आधी आरसी मागितली, ते मला आवडलं. 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा वेगळा नंबर घेता येतो, पण तो घेतला की गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. एकाची गाडी व्हीएवर होती, त्याला त्यांनी सरळ सांगितलं की दादा ही सहल आहे रॅली नाही, तुम्ही दुसरी गाडी आणा. तो शेवटी कॉन्टेसा घेऊन आला. माझी जुन्याच नंबरवर आहे, दर पाच वर्षांनी फिटनेस करून रिन्यू करतो, त्यामुळे अडचण आली नाही.

सहा गाड्या होत्या, माझी एमजीबी, एक एमजी टीसी (एमजीचीच त्याहून जुनी दोन सीटची गाडी), दोन स्टँडर्ड हेराल्ड, ती कॉन्टेसा आणि एक फियाट. हेराल्डला कोणी स्पोर्ट्स कार म्हणणार नाही पण ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्स कारची चासी हेराल्डवरूनच आली, त्यामुळे ती घरचीच, आणि तिचं अख्खं बॉनेट पुढे उघडतं ते बघायला प्रत्येक चहाच्या टपरीवर गर्दी व्हायची.

आता रस्ता. सकाळी सातला जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याहून निघालो, फैजपूर, यावल, अडावद, चोपडा, मुक्काम शिरपूरला. हा बऱ्हाणपूर अंकलेश्वर रस्ता, उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत आणि डावीकडे लांब तापीचं खोरं. ज्याने हा रूट लावला त्याने नक्की स्वतः टप खाली करून गाडी चालवलीय, कारण आपण पश्चिमेला जातो म्हणजे सकाळभर ऊन पाठीवर, डोळ्यावर येत नाही, आणि दुपारी ऊन समोर यायच्या आत त्या दिवसाचं चालवणं जवळपास संपलेलं. एवढी साधी गोष्ट पण मला दहा वर्षांत सुचली नव्हती. एमजीबीत माणूस जवळजवळ रस्त्यावरच बसतो, त्यामुळे सावदा ते यावल केळीच्या बागा बाजूने जातात असं वाटतच नाही, आपण बागेच्या आतून चाललोय असं वाटतं, पानं डोक्याच्या वर आणि ठिबकच्या ओल्या मातीचा गार वास थेट नाकात. थंडी एवढी होती की बायकोने शाल डोक्यावरून घेतलेली आणि मी हीटरची कळ शेवटपर्यंत फिरवलेली. चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, टाकला की इंजिन एकदम शांत होतं, 60-65 ला गाडी अशी सुरेख वाहते की काय सांगू.

फैजपूरला दहा मिनिटं थांबलो, 1936 चं काँग्रेसचं अधिवेशन इथलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अडावदजवळ उनपदेवला गोमुखातून गरम पाणी पडतं तिथे सगळ्यांनी पाय शेकले, मग चोपड्याच्या बाजूला एका मळ्यात जेवण. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि ठेचलेली हिरवी मिरची, कळण्याची भाकरी, पुऱ्या. जेवणाला दहापैकी दहा, मी जळगावचा असून म्हणतोय, हॉटेलातलं भरीत याच्या जवळपास येत नाही.

पहिली तक्रार इथलीच. पायलट गाडी म्हणून त्यांची एसयूव्ही पुढे होती, त्या ड्रायव्हरला पहिले दोन तास कळलंच नाही की मागे 4-5 इंच ग्राउंड क्लिअरन्सच्या गाड्या आहेत. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक, काहींवर पट्टेसुद्धा नाहीत, यावलच्या पुढे एकावर माझा सायलेन्सर असा घासला की पोटात गोळा आला. वायरलेसवर नुसतं 'ब्रेकर' एवढा एक शब्द सांगितला असता तरी झालं असतं. संध्याकाळी मी बोललो, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पायलटच्या शेजारी मिस्त्री बसला, मग एकही ब्रेकर चुकला नाही.

आणि या मिस्त्रींबद्दल मला खरं लिहायचंय. साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या अलीकडे ऊसाच्या डबल ट्रॉलीच्या मागे आम्ही वीसेक मिनिटं पहिल्या दुसऱ्या गिअरला रांगत होतो, वारा नाही, इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढत चाललेला, चहाला थांबलो आणि परत गाडी चालूच होईना. मी घाबरून स्टार्टर मारतोय तर चाचा आले, म्हणाले भाऊ थांबा, स्टार्टर मारू नका, बॅटरी बसेल, नुसती चावी फिरवा. चावी फिरवली आणि त्यांनी मागच्या चाकाजवळ कान नेला, तिथे एमजीबीचा इलेक्ट्रिक पंप असतो. मला म्हणाले ऐका. पंप चांगला असेल तर टिकटिक जोरात होते आणि कार्बोरेटरची वाटी भरली की हळूहळू थांबते, आता ती थांबतच नव्हती, म्हणजे पंप पळतोय पण पुढे पेट्रोल जात नाही, वाफ जातेय. एअर धरली म्हणतात ती हीच. मग बॉनेट उघडून दोन्ही वाट्यांवर आणि पाइपवर ओलं फडकं टाकलं आणि पंधरा मिनिटं कोणाला गाडीला हात लावू दिला नाही. त्यानंतर चावी फिरवली, टिकटिक टिकटिक आणि हळूहळू बंद, चाचांनी मान हलवली, पहिल्या सेल्फला गाडी चालू. त्यांनी एक पाना पण उचलला नव्हता. मला दहा वर्षांत ती टिकटिक नुसता आवाज वाटायची, आता मी रोज चावी फिरवून ऐकतो. 26 हजारातले निम्मे मी या माणसाचे धरतो. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप खराब होतात, तेही त्यांनी प्रत्येक गाडीचे चाचपून बघितले आणि एका हेराल्डचा तर तिथेच बदलला.

गाडी बंद असताना भोवती पंधरा-वीस पोरं आणि एक म्हातारे बाबा. बाबा म्हणाले, हाई गाडी कितलानी शे भो? मी म्हटलं बाबा सासऱ्यांची आहे, विकायची नाही. तर म्हणाले मंग बस बरं, आणि पोरांना मागे सरकवून गाडी चालू होईस्तोवर राखण करत उभे राहिले.

दुपारनंतर प्रकाशा, तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं दर्शन, मग तापी ओलांडून नंदुरबारच्या बाजूला मिरचीच्या पथाऱ्या, म्हणजे लाल मिरची वाळवायची मोकळी मैदानं. उघड्या गाडीतून पथारी बघणं म्हणजे काय ते मला आधी माहीत नव्हतं, लांबून जमिनीवर लाल चादर दिसते आणि जवळ गेलं की ठसका, डोळ्यात पाणी, रुमाल बांधूनच बघितलं. तरी टप लावावासा वाटला नाही.

दुसरी तक्रार मुक्कामाची, दुसऱ्या रात्रीची. गाड्या शेडमध्ये राहतील असं कबूल केलं होतं, लॉजवर शेड होती पण तिच्यात लॉजवाल्याचंच सामान भरलेलं, गाड्या सगळ्या उघड्यावर. पन्नास वर्षांच्या कापडी टपातून दव झिरपतं, सकाळी दोन्ही सीट ओल्या आणि वायरिंगमध्ये ओल गेली की पहिला स्टार्ट अवघड. टीसीवाल्यांनी रात्री स्वतःचं पांघरूण गाडीवर टाकलं. जुन्या गाडीच्या माणसाला स्वतःची खोली कशी का असेना चालते, गाडीला छप्पर पाहिजे, हे आयोजकांनी डोक्यात ठेवावं.

तिसरा दिवस तोरणमाळ, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि मग सातपायरीचा घाट, एकूण 50-55 किलोमीटर. पहाटे काढलं म्हणून इंजिन गार राहिलं, दुसऱ्या गिअरला चढत गेलो, प्रत्येक वळणावर खालचा रस्ता खाली खाली जाताना दिसतो आणि एमजीबीचं स्टिअरिंग पॉवरचं नसल्यामुळे रस्त्याची प्रत्येक खरड तळहाताला कळते, याच्यासाठीच ही गाडी बनवलीय असं वाटलं. काही वळणं अगदी आखूड आहेत आणि समोरून माणसांनी भरलेल्या जीप येतात, हॉर्न चालू पाहिजेच. वर यशवंत तलाव, सीताखाई, हवा थंड. उतरताना चाचांनी सगळ्यांना बजावलं होतं, ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, ब्रेक दाबून ठेवू नका, पुढे डिस्क असली तरी मागे ड्रमच आहेत. तळाला सगळ्यांच्या चाकांना त्यांनी स्वतः हात लावून बघितला.

कोणी जावं? गाडी चालू स्थितीत असेल, रेडिएटर आणि पाइप तपासलेले असतील तर नक्की जा. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच, मार्चनंतर खान्देशच्या उन्हात कार्बोरेटरवाली गाडी काढू नका. दत्त जयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार असतो, तेव्हा त्या बाजूला भयंकर गर्दी, ती बॅच टाळा. सोबत पाण्याचे दोन कॅन, जाड सुती फडकी, इग्निशनचे जादा पॉइंट आणि कंडेन्सर आणि गाडीचं कव्हर घ्या.

मी पुढच्या जानेवारीचे पैसे भरलेत. भरायच्या आधी फोनवर शेडचं विचारलं, लॉज बदललाय म्हणाले, मी म्हटलं शेडचा फोटो पाठवा, पाठवला, रिकामी आहे. चाचा येणार आहेत का ते पण विचारून घेतलं, येणार आहेत.