ओबीडी स्कॅनर काही महिने वापरल्यावर : थरथरणाऱ्या आयडलचा माग

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या ओबीडी पोर्टला लावून इंजिनच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र. ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा हा साधा स्कॅनर मी घेतला तो एकाच तक्रारीपायी. गाडी उभी असली आणि इंजिन रेस न देता नुसतं चालू असलं (म्हणजे आयडलला) की ते थरथरायचं, आरपीएमचा काटा खालीवर डुलायचा, आणि जरा रेस दिली की सगळं सुरळीत. चेक इंजिनचा दिवा मात्र बंद. दिवा नाही म्हणजे कोड (संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) नाही, आणि कोडच नसेल तर स्कॅनर दाखवणार काय, असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. इतके महिने वापरल्यावर माझं मत असं की कोड वाचणं हा या यंत्राचा दुय्यम उपयोग आहे. पैसे वसूल होतात ते लाइव्ह डेटात, म्हणजे इंजिन चालू असताना दिसणाऱ्या आकड्यांत, आणि त्यातही फ्युएल ट्रिम या दोन आकड्यांत.

ट्रिमचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागतं. हे प्रमाण बिघडल्याचं ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, पेट्रोल कमीजास्त करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे, तेच ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे क्षणाक्षणाची, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या आजूबाजूला असली की निश्चिंत राहावं. अधिक १० च्या पुढे गेली की इंजिनला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी मिळतंय असं धरून शोध सुरू करावा. माझ्या गाडीत आयडलला बेरीज २० च्या घरात होती. कोड पडायची मर्यादा बहुतेक गाड्यांत त्याहून वर असते, आणि दिवा लागायला तोच दोष सहसा सलग दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. म्हणून दिवा गप्प होता.

आता खरी गंमत. तोच आकडा इंजिन २५०० आरपीएमवर धरून पाहिला तर चारपाचवर उतरला. कुठेतरी होज (रबरी नळी) फाटला असेल तर तिथून आत शिरणारी चोरटी हवा जवळपास तेवढीच राहते. पण आयडलला इंजिन एकूणच थोडी हवा घेतं, त्यामुळे त्यात तिचा वाटा मोठा होतो. रेस दिली की तो वाटा नगण्य. उलट फ्युएल पंप अशक्त किंवा फिल्टर तुंबलेला असेल तर आयडलला आकडा बरा दिसतो आणि लोड आला की चढतो. ही एक तुलना करायला दोन मिनिटं पुरतात, आणि प्लग, कॉइल, इंजेक्टर एकापाठोपाठ बदलून पाहण्याचा खर्च वाचतो. अट एकच: इंजिन पूर्ण तापलेलं हवं. कूलंट ८० अंशांच्या वर जाण्याआधीचे आकडे पाहून कुणी निष्कर्ष काढत असेल तर त्याला थांबवा.

गळती नेमकी कुठे, हे स्कॅनर सांगत नाही, पण शोधायला मदत करतो. कार्ब क्लीनर फवारून आयडल बदलतं का ते पाहायची पद्धत सगळीकडे चालते. तापलेल्या इंजिनवर ज्वलनशील फवारा मारणं मला पटत नाही. मी इनटेक मॅनिफोल्डला जाणारे रबरी होज एकेक करून, पकडीला फडकं गुंडाळून, हलकेच दाबले आणि नजर शॉर्ट टर्म ट्रिमवर ठेवली. पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ इनटेककडे नेणारा) होज दाबला तसा आकडा काही सेकंदांत धाडकन खाली आला. त्याच्या वळणावर, खालच्या बाजूला, हात लावल्याशिवाय दिसणारच नाही अशी चीर होती. ब्रेक बूस्टरचा होजही याच पद्धतीने तपासता येतो. गळती गॅस्केटमधून असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे स्मोक टेस्टच करावी, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहावं.

एक मोठी मेख आहे, जी स्कॅनरबरोबर आलेल्या पत्रकात कुठेच नाही. वरचं गणित एमएएफ सेन्सरवाल्या, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या गाड्यांचं. नात्यातल्या एका गाडीत फक्त एमएपी सेन्सर होता. तिथेही होज फाटलेला, पण ट्रिम बघाल तर स्वच्छ! कारण तो सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते आणि ईसीयू तिच्या जोडीला पेट्रोल सोडतो. मग खूण दुसरीकडे दिसते: आयडल अकराशेला जाऊन बसतं, कधी पी०५०७ (आयडल अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचा कोड) पडतो, आणि निरोगी इंजिनात आयडलला साधारण ३० ते ४० किलोपास्कल असणारा दाब त्याच्या वर दिसतो. त्यामुळे स्कॅनर जोडल्यावर आधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते पाहा, मगच ट्रिमवर विश्वास टाका.

गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नसेल (मिसफायर), तर पी०३०१, पी०३०२ असे कोड सिलिंडरचा नंबर देतात, दोषी पार्ट नाही. दोन नंबरच्या सिलिंडरची कॉइल तीनवर टाकून कोड पी०३०३ होतो का ते पाहावं. झाला तर कॉइल गेली. नाही झाला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. ते मोजायला गेजच लागतो, मोबाइलवर दिसत नाही. दिवा लुकलुकत असेल तर हे प्रयोग करत गाडी फिरवू नये, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

स्कॅनर गप्प बसतो तेव्हाही काही सांगत असतो. होज बदलल्यावर आयडल सुधारलं, तरी एसी चालू केला की स्टिअरिंगला थोडी थरथर उरलीच. आरपीएम स्थिर, ट्रिम शून्याजवळ, मिसफायरचा आकडा कोरा. म्हणजे इंजिन नीट चालतंय आणि कंप केबिनपर्यंत पोचतोय. इंजिन माउंटिंग पाहिलं तर रबर फाटून बसलेलं. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबून डी मध्ये थरथर वाढते आणि एन मध्ये कमी होते, तीही अशा वेळी तपासून पाहण्याजोगी खूण.

तक्रारी आहेतच. स्वस्तातल्या स्कॅनरचा वेग रडका असतो. एका वेळी दहा गोष्टी पडद्यावर घेतल्या तर आकडे इतके मागे पडतात की होज दाबल्याचा परिणाम कळतच नाही. तीनचार घ्यावेत, बस. पोर्टला कायम वीज असते, त्यामुळे स्कॅनर लावून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर बॅटरी उतरू शकते. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायचंच मॉडेल घ्यावं, जुन्या ब्लूटूथचं सहसा जोडलं जात नाही. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांना आयडल नव्याने शिकवावं लागतं. तेही माझ्या स्कॅनरने होत नाही, कंपनीच्या दर्जाचं यंत्र लागतं.

आणि ते 'कोड पुसा' बटण. हात शिवशिवतो, पण पुसलं की फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे दोष घडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं ही नोंद. बऱ्याच गाड्यांत शिकलेलं ट्रिमही जातं. मेकॅनिककडे न्यायची असेल तर आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा.

हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल झालं. डिझेलचं आयडल थरथरत असेल तर असला साधा स्कॅनर घेऊन फारसा फायदा नाही. तिथे ट्रिमचा आधार नसतो, आणि प्रत्येक इंजेक्टरची डिझेलची दुरुस्ती दाखवणारे आकडे सहसा त्या त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच दिसतात.