एक्झॉस्टचे स्टड बदलताना: साधे पोलाद, स्टेनलेस की टायटॅनियम?

मोटारसायकलच्या इंजिन हेडला (इंजिनाच्या वरच्या, बहुधा अॅल्युमिनियमच्या भागाला) एक्झॉस्ट पाइप धरून ठेवणारे स्टड (डोके नसलेले, आटे पाडलेले दांडे) बदलायचे ठरले, की बहुतेकांचे लक्ष स्टडच्या धातूवर जाते आणि नटाचा विचार मागे राहतो. निवड जोडीची करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण पुढच्या वेळी पाइप उतरवताना काम दहा मिनिटांत होईल की स्टड हेडमध्येच तुटून बसेल, हे त्या जोडीवर ठरते.

मूळ स्टड बहुधा साध्या पोलादाचे असतात. 8.8 ग्रेडच्या पोलादाची ताणशक्ती सुमारे 800 मेगापास्कल असते, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. प्रश्न गंजाचा आहे. एक्झॉस्ट पोर्टजवळच्या (हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाजवळच्या) उष्णतेने वरचा मुलामा लवकर निकामी होतो, पुढच्या चाकावरून उडालेले पाणी आणि चिखल नेमके तिथेच बसतात, आणि काही वर्षांनी पाहिले तर नट व हेड यांच्यामधल्या भागात स्टडची कंबर गंजाने बारीक झालेली दिसते. नटाच्या आट्यांत गंज फुगून बसलेला असतो. अशा वेळी पाना लावला, की एकतर स्टड त्या बारीक जागी तुटतो, नाहीतर नटासकट पूर्ण बाहेर येतो आणि सोबत हेडच्या अॅल्युमिनियमचे आटे घेऊन येतो.

स्टेनलेसला हा त्रास जवळजवळ नाही. ए2-70 प्रतीची ताणशक्ती 700 मेगापास्कल, म्हणजे थोडी कमी असली तरी या कामाला पुरेशी आहे. तापल्यावर स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे अॅल्युमिनियमशी त्याचा मेळ थोडा बरा बसतो. मात्र त्याचे दोन दोष गंभीर आहेत. स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचाच नट कोरडा आवळला, तर आट्यांवरचा संरक्षक थर घासून निघतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. मग नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, तो कापूनच काढावा लागतो. दुसरा दोष हेडच्या बाजूचा आहे: ओलावा आणि मीठ पोहोचले, की स्टेनलेसला लागून असलेले अॅल्युमिनियम झिजू लागते आणि आट्यांत पांढरी भुकटी साचते. म्हणून हेडमध्ये जाणाऱ्या टोकाला अँटी-सीझ (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावल्याशिवाय स्टेनलेसचा स्टड बसवू नये.

टायटॅनियमने वजन काही ग्रॅमच वाचते, आटे चिकटण्याची खोड त्यालाही आहे, आणि त्याचे प्रसरण पोलादापेक्षाही कमी असते. शर्यतीची गाडी सोडली, तर त्याच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

नटांमध्ये पितळेचा नट मला सर्वांत पसंत आहे. तो गंजाने धरत नाही, स्टेनलेसला चिकटत नाही, आणि मऊ असल्याने जास्त आवळला गेलाच तर आटे त्याचे जातात, स्टड वाचतो. त्याचे कोपरे लवकर गोल होतात, म्हणून बारा कोनांचा नव्हे, सहा कोनांचाच सॉकेट वापरावा. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी नट अधिक मजबूत असतो आणि कंपन जास्त असलेल्या इंजिनाला तो बरा. टोपीच्या नटाने स्टडचे टोक झाकले जाते. पण स्टड लांब असेल तर टोपी आतून टेकते आणि पाना घट्ट लागूनही पाइप सैलच राहतो. नायलॉनच्या कड्याचे लॉकनट इथे चालत नाहीत, कारण नायलॉन वितळते.

थोडक्यात, गाडी पावसात किंवा समुद्राकाठी चालत असेल तर स्टेनलेसचा स्टड आणि पितळी नट घ्यावा. कोरड्या हवेत, पाइप अधूनमधून उतरवला जाणार असेल, तर साधा पोलादी स्टडही पितळी नटाबरोबर उत्तम टिकतो. एकच स्टड खराब दिसला तरी त्या पोर्टचे सगळे बदलावेत.

जुना स्टड हेडशी सपाट तुटला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून काढणे हा मार्ग स्वतः ड्रिल चालवण्यापेक्षा सुरक्षित आहे. वेल्डच्या उष्णतेने पकडही सुटते. ड्रिल मध्यापासून जरा सरकले तर ते मऊ अॅल्युमिनियमकडे पळते. ईझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचे हत्यार) आत तुटला तर तो इतका कठीण असतो, की साधे ड्रिल त्याला लागत नाही. हेडचे आटे गेलेच असतील, तर मोठ्या मापाचा स्टड ठोकून बसवण्यापेक्षा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळ माप राखावे.

टॉर्कचा (नट किती जोराने आवळायचा त्याचा) आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. 6 मिलिमीटरच्या नटाला साधारण 10 आणि 8 मिलिमीटरच्या नटाला साधारण 20 न्यूटन-मीटर एवढाच तो असतो. अँटी-सीझ लावलेल्या आट्यांवर घर्षण कमी होते, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा थोडा उतरवावा. गॅस्केट (पाइप व हेड यांच्यामधला सांधा बंद करणारे कडे) नवीनच घालावे, नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा, कारण तोवर गॅस्केट दबलेले असते.