पश्चिम, मध्य की हार्बर? नोकरी मुंबईत, तर घर कुठल्या लाइनवर घ्यावं

मुंबईत नोकरी लागली की पहिला प्रश्न घराचा, आणि घराचा प्रश्न म्हणजे खरं तर लोकलच्या लाइनचा. ब्रोकर भाडं सांगेल, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असंही सांगेल (ती पाच मिनिटं रिक्षाची असतात). सकाळी आठ वाजता त्या स्टेशनावर गाडीत पाय ठेवायला जागा मिळते का, हे मात्र तो सांगणार नाही. माझ्या मते आधी दोन गोष्टी बघाव्यात: ऑफिसला पोचेपर्यंत गाडी बदलावी लागते का, आणि तुमच्या स्टेशनातून गाड्या सुटतात का. भाडं आणि किलोमीटर त्यानंतर.

किलोमीटर फसवे असतात. बोरिवली चर्चगेटपासून आणि ठाणे सीएसएमटीपासून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), दोन्ही साधारण 34 किलोमीटर. पण पश्चिम मार्ग म्हणजे चर्चगेटपासून विरारपर्यंत 60 किलोमीटरची सरळ लाइन, वाटेत फाटे जवळपास नाहीतच. चार मार्गांवर धीम्या आणि जलद गाड्या वेगळ्या धावतात, शिवाय बऱ्याच टप्प्यात मेल-एक्स्प्रेससाठी पाचवी लाइन आहे. त्यामुळे वेळापत्रक त्यातल्या त्यात पाळलं जातं. मध्य मार्गाचं दुखणं कल्याणला सुरू होतं. तिथे कसाऱ्याची आणि कर्जतची अशा दोन शाखा मिळतात, त्यांच्याबरोबर नाशिक आणि पुण्याकडच्या मेलगाड्या येतात, पुढे दिव्याला कोकणातून येणाऱ्या गाड्यांची भर पडते. घाटात काही झालं की त्याचा फटका डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर बसतो. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन 2022 मध्ये सुरू झाल्यावर तेवढ्या टप्प्यात मोकळीक आली, पण कल्याणच्या पलीकडे दोन्ही शाखांवर अजून मुख्यतः दोनच मार्ग आहेत. बदलापूर-अंबरनाथचं स्वस्त भाडं बघून भुलण्याआधी हे लक्षात घ्या. बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण तुमची वेळ त्यांच्याभोवती बांधली जाते. ती एक चुकली की कर्जतहून भरून आलेली पुढची गाडी.

मग मध्य मार्ग टाळायचा का? अजिबात नाही. ठाणे, मुलुंड किंवा घाटकोपर परवडत असेल तर मी मध्यच घेईन. ठाण्याहून गाड्या सुटतात, जलद गाडीने सीएसएमटी पाऊण तासात येतं, आणि 9-10 नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या लाइनने, ऐरोली, तुर्भे, वाशी गाठता येतं. अंधेरीला ऑफिस असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो 1. 2014 पासून ही सोय झाल्याने पश्चिमेची गाडी पकडायला दादरचा पूल तुडवायची गरज उरली नाही. डोंबिवलीला मराठी वस्ती, मंडई, वाचनालयं, नाट्यगृह सगळं आहे, आणि डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलही आहेत. बसायला जागा हवी म्हणून लोक आधी उलट दिशेने कल्याणला जातात आणि त्याच गाडीने बसून परत येतात. हा वेळ तुमच्या हिशेबात धरा.

दिवा आणि मुंब्रा मात्र नवख्या माणसाला मी सुचवणार नाही. भाडं कमी आहे, पण सकाळी येणारी गाडी मागूनच भरून येते. 9 जून 2025 ला याच दोन स्टेशनांच्या मधल्या टप्प्यात दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला.

पश्चिमेवर हाच प्रकार मीरा रोड आणि भाईंदरला होतो. विरार लोकल तिथे येते तेव्हा आत शिरणं अवघड, आणि संध्याकाळी चर्चगेटहून विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरणं त्याहून अवघड. विरारकर याबाबतीत कुणाचं ऐकत नाहीत, आणि दिवसाला तीन तास उभं राहणाऱ्या माणसाकडून मी तरी वेगळी अपेक्षा करत नाही. म्हणून पश्चिमेवर एकतर बोरिवली-गोरेगाव-अंधेरी, जिथून गाड्या सुटतात, नाहीतर थेट विरार. नालासोपारा स्वस्त आहे, पण पावसात रुळांवर पाणी येणाऱ्या जागांत त्याचं नाव दरवर्षी असतं. मध्यवर तोच मान कुर्ला-शीवचा. एसी लोकल हवी असेल तर पश्चिमेचं पारडं जड: पहिली एसी लोकल इथेच 25 डिसेंबर 2017 ला धावली आणि आजही फेऱ्या इथे जास्त आहेत. बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिस असेल तर वांद्र्याला उतरून शेअर रिक्षा, किंवा अंधेरीहून मेट्रो 1 ने मरोळ नाका आणि तिथून भुयारी मेट्रो 3.

हार्बरबद्दल लोक नाक मुरडतात, कारण तिथे जलद गाडी नाही. दोनच मार्ग, सगळ्या गाड्या धीम्या. पनवेल ते सीएसएमटी 49 किलोमीटरला साधारण सव्वा तास लागतो, आणि बारा डब्यांच्या गाड्याही इथे सर्वांत शेवटी आल्या. पण सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेने, बांधलेली नवी मुंबईची स्टेशनं प्रशस्त आहेत, बाहेर पडताना धक्काबुक्की नाही, आणि पनवेलहून सुटणाऱ्या गाड्या असल्याने खांदेश्वर, मानसरोवरला बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. कामोठ्याला राहून वडाळा, मशीद, सीएसएमटीला जाणारा माणूस बसून जाऊ शकतो. उभ्याने एक तासापेक्षा बसून सव्वा तास बरा, असं मी तरी म्हणेन. लोअर परळला जायचं असेल तर मात्र हार्बर विसरा. गाडी बदलायला कुर्ल्याचा पूल रोज दोनदा चढून तुम्ही दोन महिन्यांत घर बदलाल.

ट्रान्स-हार्बरकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ठाणे ते वाशी-पनवेल, 2004 पासून. ऐरोली, घणसोली किंवा महापेच्या कंपनीत नोकरी असेल तर घर याच मार्गावर घ्या, दक्षिण मुंबईचा विचारही करू नका. नेरूळ-बेलापूरहून उरणपर्यंतची लाइन जानेवारी 2024 मध्ये पूर्ण झाली. उलव्यात घरं स्वस्त आहेत, पण गाड्यांमधलं अंतर मोठं, म्हणून वेळापत्रक बघूनच ठरवा.

एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. रविवारी कामावर जावं लागणार असेल, म्हणजे हॉस्पिटल, हॉटेल, मॉल, तर मध्य आणि हार्बरवर जवळपास दर रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास काही मार्ग बंद ठेवतात. पश्चिमेवर तो बऱ्याचदा शनिवारच्या रात्री उरकतात. अशा नोकरीसाठी मी थोडं जास्त भाडं भरून पश्चिमच घेईन.