इंग्रजी शब्द: यादी पाठ करावी की वाक्यांतून शिकावं?

शब्दसंग्रह वाढवायला बसलं की हा प्रश्न हमखास पडतो.

वेगात यादी सरस. एका बैठकीत कितीतरी शब्द नजरेखालून जातात. वाक्यांसोबत मोजकेच होतात.

खरा फरक पडतो तो वापरात. यादीत 'मेक' आणि 'डू' दोन्हींपुढे 'करणे' लिहिलेलं असतं. मग बोलताना 'डू अ मिस्टेक' तोंडातून निघतं. 'आय मेड अ मिस्टेक' आणि 'आय डिड माय होमवर्क' ही दोन वाक्यं तोंडात बसली, की असा घोळ होत नाही. 'डिपेंड'नंतर 'ऑन' येतं, हेही वाक्यच शिकवतं. त्यातही वाक्य आपल्या दिनक्रमातलं, स्वतः रचलेलं हवं. पुस्तकातलं कोरडं वाक्य चटकन विसरतं.

उजळणी मात्र दोन्हीकडे अटळ. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच दाखवलं होतं.

परीक्षा तोंडावर असेल किंवा फक्त वाचून समजायचं असेल, तर यादी पुरे. बोलायचं-लिहायचं असेल तर वाक्यंच धरा, शब्द कमी झाले तरी चालतील.