गढवालचे जुने यू-५०२ नकाशे: काही महिने वापरल्यावर

गढवालच्या वरच्या भागातल्या ट्रेकची आखणी मी सध्या अमेरिकी आर्मी मॅप सर्व्हिसच्या यू-५०२ नकाशांवर करतोय. १९५०च्या दशकातले, १:२,५०,००० प्रमाणाचे. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून फुकट ठेवलेत. नद्या, डोंगरधारा आणि जुन्या पायवाटांसाठी झकास. बर्फाच्या भागात मात्र जपून.

छपाई अमेरिकेची असली तरी मूळ मोजणी सर्व्हे ऑफ इंडियाची, आणि तीही एका दमात झालेली नाही. एकोणिसाव्या शतकात गावं आणि खोरी नीट मोजली गेली, हिमनद्यांवर कोणी फार वेळ घालवला नाही. १९३०च्या दशकात गॉर्डन ऑस्मास्टन यांच्या तुकडीने गढवालची नव्याने मोजणी केली. १९३६ साली ते नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यातही उतरले. आता प्लेन टेबल (तिपाईवरची फळी, जिच्यावर जागेवरच नकाशा काढतात) लावून उभा असलेला माणूस समोर दिसतं तेवढंच काढणार. धारेआडचं राहतं अंदाजावर. कागदावर दोन्हीकडच्या कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सारख्याच ठसठशीत! मग ओळखायचं कसं? मी झूम करून वळणं बघतो. घळी, सोंडा, बारीक दुमड दिसली की तिथे कोणाची तरी नजर पोचली होती असं धरतो. रेषा फणीच्या दातांसारख्या एकसारख्या समांतर गेल्या असतील, तर त्या उतारावर मी वाट आखत नाही.

हिमनदी किती मागे सरली हे यात शोधायला जाऊ नका. गंगोत्रीचं मुख १९३५पासून किलोमीटरभराहून जास्त मागे गेलंय, पण या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे चार मिलिमीटर. पेन्सिलच्या दोन-तीन रेघा, बस.

खरी मजा पायवाटांत आहे. बद्रीनाथ, गंगोत्रीपर्यंत गाडीरस्ता पोचण्याआधीचे हे नकाशे, त्यामुळे चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटा यात सापडतात. सॅटेलाइट चित्राशी ताडून बघाच, काही टप्पे दरडींनी कधीच गिळलेत.

उंची फुटांत आहे (नंदादेवी २५,६४५). जुन्या एव्हरेस्ट डेटममुळे (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) जीपीएसचा बिंदू थोडा सरकलेला दिसतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना डेटम नीट निवडा. आणि प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, नाहीतर पट्टीने मोजलेलं प्रत्येक अंतर चुकेल.