हाइवस्वॅप की अंडरटेल : आधी कोणता गेम घ्यावा?

रामबागेतल्या माझ्या भाच्याची बारावीची परीक्षा आटोपलीय आणि सुट्टीसाठी त्याला एकच गेम घ्यायचाय. परवा इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताखाता आमचा यावर चांगलाच वाद रंगला. त्याच्यासारखे अडलेले आणखीही असतील, म्हणून सविस्तर लिहितेय.

दोन्ही गेमचे धागे एकाच ठिकाणी जुळतात : अँड्र्यू हसी यांचं होमस्टक हे वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा. १३ एप्रिल २००९ला ते सुरू झालं आणि २०१६च्या १३ एप्रिललाच संपलं. पानं आठ हजारांच्या वर. सुरुवातीच्या दिवसांत पात्रांनी पुढे काय करायचं हे वाचकच सुचवायचे, त्यामुळे ते वाचणं आणि खेळणं अशी दोन्हींची मजा होती. २०१२ साली हसींनी गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ७ लाख डॉलर मागितले. चाहत्यांनी २४ लाख ८५ हजारांच्या आसपास जमवून दिले. तोच हाइवस्वॅप. कॉमिकसाठी संगीत देणाऱ्या टोबी फॉक्सने पुढच्या वर्षी स्वतःच्या गेमसाठी फक्त ५ हजार मागितले आणि त्याला ५१ हजार मिळाले. तो अंडरटेल.

अंडरटेल सप्टेंबर २०१५मध्ये आला, पूर्ण होऊनच. हाइवस्वॅपची वाट मात्र खडतर. आधी थ्रीडी ठरला होता, मग टूडी झाला. पहिला अंक सप्टेंबर २०१७मध्ये आला, दुसरा नोव्हेंबर २०२०मध्ये. चार अंकांची योजना होती, पण हातात दोनच आहेत. अर्धवट गोष्ट ज्याला सहन होत नाही, त्याने सरळ अंडरटेल घ्यावा.

तरीही मला हाइवस्वॅप जिवापाड आवडतो. काळ १९९४चा. जोई नावाची मुलगी आपल्या खोलीत, भाऊ ज्यूड बाहेर झाडावरच्या घरात, दोघांकडे वॉकीटॉकी आणि घराभोवती राक्षस. इथे घाई करायचीच नाही. खोलीतल्या एकेका वस्तूवर क्लिक करत बसायचं, हातातली वस्तू भलत्याच ठिकाणी वापरून बघायची. बहुतेक गेम अशा वेळी 'हे चालणार नाही' म्हणून गप्प बसतात. इथे जोडीजोडीला वेगळं, खास लिहिलेलं वाक्य मिळतं. होमस्टकच्या पानांवर रेंगाळण्यात जो आनंद होता, तो मला पुन्हा इथेच सापडला.

मग जोई अल्टर्निया या परक्या ग्रहावर जाऊन पडते आणि तिला झेफ्रोस भेटतो. त्या ग्रहावर रक्ताच्या रंगावरून प्रत्येकाची पायरी ठरते आणि झेफ्रोसचं रक्त सगळ्यांत खालच्या रंगाचं. तो सतत दबलेला असतो, आणि त्याला कमी लेखणाऱ्या मित्राचीच तारीफ करत राहतो. जन्मावरून पायरी ठरणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. म्हणूनच त्याचे संवाद आपल्याला जास्त लागतात. दुसऱ्या अंकात आगगाडीचा प्रवास आहे, कोर्टाचा एक लांबलचक प्रसंगही आहे. तो थोडा ताणलाय, पण पात्रांची रेलचेल आहे.

अंडरटेलची ताकद वेगळी. समोर आलेल्या कुणालाही न मारता गेम संपवता येतो, आणि तुम्ही कसे वागलात हे तो लक्षात ठेवतो. सुरुवातीलाच टोरिएल ही मायाळू राक्षसीण तुम्हाला अडवते, लढाई होते. तुमचा जीव अगदी कमी उरला की तिच्या आगीचे गोळे तुम्हाला चुकवून जायला लागतात. तिला तुम्हाला मारायचंच नसतं, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही. तिला मारलंत, पस्तावलात आणि मागचा सेव्ह उघडून वाचवलंत, तरी पुढे एक फूल तुम्हाला त्याचा जाब विचारतं. पहिल्यांदा खेळताना माझ्या अंगावर काटा आला होता.

संगीतात दोन्ही तोडीस तोड. हाइवस्वॅपला जेम्स रोचसोबत टोबी फॉक्सचंही संगीत आहे. अंडरटेलमुळे जगभर गाजलेली मेगॅलोव्हेनिया ही धून आधी होमस्टकमध्ये वाजली होती, हे ती गुणगुणणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? या कॉमिकचा वारसा असा पसरलाय. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर २०२०च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा कॉमिकमधले अ‍ॅनिमेशन आणि छोटे गेम बुडायची वेळ आली होती. चाहत्यांनी आपणहून सगळं कॉमिक ऑफलाइन चालेल असं जमवून ठेवलं. इतकी माया फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला येते.

तर, होमस्टक वाचलेलं नसेल आणि एकच गेम घ्यायचा असेल, तर अंडरटेल. चित्रकलेची, कॉमिकची ओढ असेल, निवांत वाचायला आवडत असेल, तर हाइवस्वॅपचा पहिला अंक. कॉमिक न वाचताही तो कळतो. अंक वेगवेगळे विकत मिळतात, त्यामुळे दुसरा लगेच घेऊ नका, पहिला आवडला तरच घ्या. दोन्हींत इंग्रजी वाचन भरपूर आहे आणि मराठी-हिंदीची सोय नाही. साध्या लॅपटॉपवर दोन्ही चालतात. आणि अजूनही ठरत नसेल, तर अंडरटेलचा डेमो फुकट आहे. टोरिएलची लढाई त्यातच आहे, तेवढी आज रात्री खेळून बघा.